भाड्याचं घर, विकतचं घर : स्टुटगार्टमधली टिपणं

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. युरोपीय संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण इतकं कमी नाही. डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यातला फोरमन, कुणीही भाडेकरू असतं आणि त्यात कमीपणा नसतो. लग्न ठरवताना "स्वतःचा फ्लॅट आहे का" हा आपल्याकडे पहिल्या पाचांतला प्रश्न. ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंना मी विचारलं होतं, तुम्ही कधी घर का नाही घेतलं? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, तशी गरजच पडली नाही.

*

गरज का पडली नाही, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरं जमीनदोस्त झाली, स्टुटगार्टचा मधला भागही त्यात गेला. पूर्वेकडून लाखो निर्वासित आले. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीने पहिला गृहबांधणी कायदा केला आणि सरकारी मदतीने भाड्याची घरं उभी करायचा सपाटा लावला. ती घरं फक्त गरिबांसाठी नव्हती, मध्यमवर्गही तिथेच वाढला.

शिवाय कराचा मुद्दा. गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट, हे आपल्याकडे किती जणांनी घर घेण्याचं कारण असतं! इथे स्वतः राहायच्या घराला ती सूट नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला आहे. त्यामुळे पैसा असलेला माणूसही कधी कधी स्वतः भाड्याने राहतो आणि दुसऱ्या गावात एक फ्लॅट घेऊन तो भाड्याने देतो.

*

आपल्या मनात भाड्याचं घर म्हणजे अकरा महिने. लिव्ह अँड लायसन्स, एजंटचं कमिशन, आणि नववा-दहावा महिना लागला की घरमालकाच्या फोनची धास्ती. पुण्यात शिकताना आणि पहिल्या नोकरीत हे ज्याने भोगलंय, तो परदेशात आल्यावरही तीच धास्ती सामानात बांधून आणतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांनी इथे घर घेतलं ते या धास्तीपोटी, हिशेब करून नव्हे.

जर्मन कायद्यात राहत्या घराचा करार मुळात बेमुदत असतो. मुदतीचा करार करायचा तर मालकाला कायद्याने मान्य केलेलं कारण लेखी द्यावं लागतं. घर विकलं गेलं तरी करार तुटत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडेकरू वारला तर करार जोडीदाराकडे जातो. भाडेकरूने सोडायचं ठरवलं तर तीन महिन्यांची सूचना. मालकाला मात्र कारणाशिवाय सूचनाच देता येत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी लग्न होऊन या घरात आल्या. मुलं इथेच झाली, नवरा इथेच गेला. इमारत या काळात विकली गेली, मालक बदलले. आजींचं घर बदललं नाही. त्यांना भाडेकरू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

*

हे आपल्याला अगदीच परकं नाही. गिरगावात, लालबागेत तीन-तीन पिढ्या भाड्याच्या खोलीत राहिल्या आणि कुणी त्यांना हलवू शकलं नाही. पण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाडं वाढेना, म्हणून मालकाने डागडुजी सोडली. चाळी खंगत गेल्या, पागडी आली आणि पुढची सगळी कोंडी त्यातून झाली.

इथे भाडेकरूला हलवता येत नाही, पण भाडं हलतं. शहर 'मीटश्पीगल' म्हणजे भाड्यांचा तक्ता काढतं: कुठल्या वस्तीत, किती जुन्या, किती मोठ्या घराला चौरस मीटरमागे काय भाडं चालू आहे. मालक त्या पातळीपर्यंत वाढ मागू शकतो, पण स्टुटगार्टसारख्या घरटंचाईच्या शहरात तीन वर्षांत १५ टक्क्यांहून जास्त नाही. इमारतीत सुधारणा केली तर खर्चाचे वर्षाला ८ टक्के भाड्यात घालता येतात, त्यालाही वरची मर्यादा आहे. भाडेकरूला सुरक्षितता आणि मालकाला छप्पर दुरुस्त करण्यापुरतं उत्पन्न, हा मेळ मुंबईला जमला नाही. तो जमू शकतो हे इथे रोज दिसतं, आणि गिरगावची आठवण येऊन वाईट वाटतं.

*

कोल्हापूरची आत्या फोनवर: "अगं, भिंतीत खिळा मारायचा तरी दुसऱ्याला विचारायचं, ते कसलं घर?"

आत्या, इथे खिळा मारायला विचारावं लागत नाही. फोटो, फळ्या, पडदे यांसाठी नेहमीची भोकं पाडायचा हक्क भाडेकरूला आहे. सोडताना ती बुजवायची. देवघरही भिंतीवर आहे.

*

आता भाडेकरूच्या खऱ्या भीतीबद्दल. तिचं नाव आयगेनबेडार्फ. मालकाला स्वतःसाठी, मुलासाठी, आईवडिलांसाठी घर हवं असेल तर तो करार संपवू शकतो. राहून पाच वर्षं झाली नसतील तर तीन महिन्यांची सूचना, पाच वर्षांनंतर सहा, आठ वर्षांनंतर नऊ. भाडेकरू म्हातारा असेल, आजारी असेल, दुसरं घर मिळत नसेल तर हरकत घेता येते, पण ते प्रकरण कोर्टात जातं आणि निकालाची खात्री नसते.

म्हणून घर भाड्याने घेताना मालक कोण, हे खोल्यांच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे. सहकारी गृहसंस्थेला किंवा महापालिकेच्या गृहकंपनीला मुलगा नसतो, तिला स्वतः राहायला घर लागत नाही. एकच फ्लॅट असलेल्या, मुलगी कॉलेजात शिकत असलेल्या सज्जन गृहस्थाचं घर त्या मानाने कच्चं. हे कुणी नव्याने येणाऱ्याला सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

*

भाड्याचं घर मिळवणं हाच इथला मोठा छळ आहे, हे खोटं नाही. एका फ्लॅटसाठी जिन्यावर रांग. तीन महिन्यांच्या पगारपावत्या, शुफाचा म्हणजे पतमाहिती संस्थेचा दाखला, आधीच्या मालकाचं पत्र, स्वतःची माहिती भरलेला अर्ज. आडनाव बघून उत्तरच येत नाही असं अनेक जण सांगतात आणि मला ते खरं वाटतं. वंश बघून घर नाकारणं कायद्याने मना आहे, पण न आलेल्या उत्तराविरुद्ध पुरावा कुठून आणणार?

बरीच कुटुंबं या थकव्याने घर विकत घेतात. त्यांची दमणूक मला समजते. पण सहा महिन्यांच्या थकव्यासाठी तीस वर्षांचं कर्ज काढणं मला पटत नाही. त्यापेक्षा आणखी एक वर्ष शोधावं, गावाबाहेर एस-बानच्या, म्हणजे उपनगरी रेल्वेच्या, एखाद्या स्टेशनाजवळ बघावं, ऑफिसातल्या स्थानिक माणसाला शब्द टाकायला सांगावं.

*

स्वयंपाकघर. भाड्याच्या घरात ओटा, सिंक, शेगडी काहीच नसणं इथे सर्रास. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले आणि जमिनीवर फरशी, बस्स. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकतो. चार-पाच हजार युरो यातच जातात. भाडं आणि हप्ता यांची तुलना करताना हा खर्च कुणी धरत नाही.

अनामत काल्टमीटेच्या, म्हणजे निव्वळ भाड्याच्या, जास्तीत जास्त तिप्पट. ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजाच्या खात्यात ठेवायची असते.

*

हिशेब. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण बोब्लिंगेन-लेओनबर्गच्या बाजूला साधारण असेच सापडतात.

७५ चौरस मीटरचा तीन खोल्यांचा जुना फ्लॅट, किंमत ३ लाख ६० हजार युरो. तसाच फ्लॅट भाड्याने महिना ११५० युरो, हीटिंग-पाणी-कचरा वेगळं. वर्षाचं भाडं १३,८०० युरो. किंमत भागिले वर्षाचं भाडं, उत्तर २६. इथले जाणते लोक आधी हा आकडा काढतात. वीसच्या आत असेल तर घेण्याकडे कल, तिशीपाशी गेला तर भाड्याने राहण्याकडे. मधे असेल तर बाकीचं बघावं लागतं, आणि स्टुटगार्टभोवती तो बहुधा मधेच असतो.

आता वरखर्च. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये खरेदीकर ५ टक्के, म्हणजे १८ हजार. नोटार, म्हणजे नोटरी, आणि जमीन-नोंदणी मिळून दोनेक टक्के, ७,२००. दलाल असेल तर आपल्या वाट्याचे ३.५७ टक्के, १२,८५२. एकूण ३८ हजार युरो. हे पैसे घराच्या किमतीत जमा होत नाहीत, व्यवहार झाला त्या दिवशीच संपले. बँका या खर्चाला सहसा कर्ज देत नाहीत, ते खिशातून. वर किमतीचे २० टक्के, ७२ हजार. म्हणजे सुरुवातीलाच १ लाख १० हजार युरो रोकड हवी.

कर्ज २ लाख ८८ हजार. व्याज ३.७ टक्के आणि पहिल्या वर्षी २ टक्के मुद्दल धरलं तर हप्ता १३६८ युरो. पहिल्या महिन्यात त्यातले ८८८ व्याजाचे, ४८० मुद्दलाचे. दहा वर्षं नेमाने भरल्यावरही २ लाख १८ हजार शिल्लक.

लोक इथे ११५० आणि १३६८ शेजारी मांडतात आणि म्हणतात, दोनशे युरोंत घर आपलं होतंय! ही तुलना चुकीची आहे. मुद्दल आपल्याच खिशात राहतं, ते खर्चात धरायचं नाही. जे परत येत नाही तेवढंच मांडायचं. मालक झालो तर: व्याज ८८८. इमारतीच्या देखभालीचा जो भाग भाडेकरूवर टाकता येत नाही तो साधारण १५०. गुंतवलेल्या १ लाख १० हजारांवर अडीच टक्क्यांनी बुडालेलं व्याज २२९. झाले १२६७. त्यात वरखर्चाचे ३८ हजार दहा वर्षांवर पसरले तर महिना ३१७, वीस वर्षांवर पसरले तर १५८. पाच वर्षांत विकून निघून गेलात तर ६३४.

म्हणजे पाच वर्षांसाठी ते घर महिना १९०० युरोंना पडतं, वीस वर्षांसाठी १४२५ ला, आणि त्या वीस वर्षांत व्याजाचा वाटा घटत जातो, भाडं मात्र वाढत जातं. किंमत वर्षाला एक टक्का वाढली तर महिन्याचे ३०० युरो त्यातून वजा करा. घटली तर मिळवा. २०२२ नंतर जर्मनीत किमती खाली आल्या होत्या, तेव्हा "घराची किंमत पडत नाही" हे पुण्याचं गणित इथे आणू नये.

या सगळ्या आकड्यांत माझ्या हातात असलेला एकच आहे: मी इथे किती वर्षं राहणार. बाकीचे बँक, बाजार आणि सरकार ठरवतात.

*

व्याज. २०२१ मध्ये दहा वर्षांसाठी ठरलेलं व्याज एक टक्क्याच्या आसपास होतं. २०२३ च्या अखेरीला ते चारपर्यंत गेलं. दोन वर्षं आधी घेतलेला शेजारी शहाणा आणि आपण मूर्ख, असं वाटून घेण्यात काही अर्थ नाही. त्याच्या दहा वर्षांनंतर त्यालाही नव्या दराने बसावं लागणार आहे.

*

कर्जाबाबत आपली सवय इथे लागू पडत नाही. भारतात बदलत्या दराचं कर्ज असतं, दिवाळीचा बोनस आला की टाकला मुद्दलात, दंड नाही. इथे व्याज दहा-पंधरा वर्षांसाठी बांधलेलं असतं. जादा भरणा करारात लिहिलेला असेल तेवढाच, बहुधा वर्षाला मूळ कर्जाच्या ५ टक्के. मधेच घर विकून कर्ज फेडलं तर बँक आपलं बुडालेलं व्याज नुकसानभरपाई म्हणून मागते. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मात्र सहा महिन्यांची सूचना देऊन मोकळं होता येतं, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

नोकरीचे पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, त्यात कर्जाचं नाव काढू नये. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर, कर्ज मिळतं, पण बँक जास्त रोकड मागते. कायम वास्तव्याचा परवाना हातात असला की बोलणं सोपं होतं. ब्लू कार्डवाल्याला तो २७ महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन भाषा बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी. तेव्हा घर घ्यायच्या आधी भाषेच्या क्लासला गेलेलं बरं. घराच्या कामातही ती भाषा लागतेच.

*

नोटारकडे खरेदीखत वाचलं जातं. सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसून ऐकतात. विकणारा व्यावसायिक असेल तर मसुदा किमान दोन आठवडे आधी हातात मिळतो. भाषा येत नसेल तर दुभाष्या आणावा लागतो आणि "साधारण कळलं" हे नोटार चालवून घेत नाही. नोटार कुणा एका बाजूचा नसतो. आपलं हित बघायला वेगळा वकील हवा, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सही झाली म्हणजे घर आपलं झालं नाही. आधी ग्रुंडबूखमध्ये, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, आपल्या हक्काची आगाऊ नोंद होते, म्हणजे विकणाऱ्याला तेच घर दुसऱ्याला विकता येत नाही. मग नोटार कळवतो, आता पैसे भरा. मग कर भरायचा, कर खात्याचा दाखला यायचा, आणि शेवटी नाव चढायचं. काही महिने जातात. १ एप्रिल २०२३ पासून घराचे पैसे रोख देता येत नाहीत. किंमत कागदावर कमी दाखवली तर व्यवहारच कोसळू शकतो. चेक किती आणि कॅश किती, या आपल्याकडच्या कुजबुजीला इथे जागा नाही. मला हे फार आवडलं. मध्यमवर्गाच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी खरेदी अशीच स्वच्छ उजेडात व्हायला हवी, पुण्यातही.

*

ग्रुंडबूखमध्ये नाव कुणाचं?

हप्ता कुणीही भरो, मालक तो ज्याचं नाव तिथे आहे. मुलं लहान म्हणून बायको अर्धवेळ काम करते किंवा भाषा शिकत घरी असते. बँकेला पगारपावती नवऱ्याची लागते आणि घर एकट्याच्या नावावर होतं. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण परदेशात, माहेर आठ तासांच्या विमानप्रवासावर असताना, त्या बाईच्या नावावर काहीही नसतं. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इथे तसलं काही नाही, इथे आपणच आग्रह धरायचा. अर्धं-अर्धं, दोन्ही नावं. गणेशोत्सवाच्या जेवणात मी हे नव्याने आलेल्या मुलींना सांगते, आणि त्यांच्या नवऱ्यांसमोर सांगते.

*

मृत्युपत्र. घर घेतलं की त्याच महिन्यात करावं. २०१५ पासून युरोपात साधारण नियम असा की माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागतो, पासपोर्ट कुठलाही असो. मृत्युपत्र नसेल तर घर जोडीदार आणि मुलं यांच्यात वाटलं जातं. मूल अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा विकायला कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. दुःखात बुडालेल्या बाईला हप्ता झेपत नाही म्हणून घर विकायचं असेल आणि तारीख पडत असेल, हे चित्र मला डोळ्यांपुढे आणवत नाही. दोन पानांच्या कागदाने ते टळतं.

*

फ्लॅट म्हणजे सोसायटी आलीच. दर महिन्याचं हाउसगेल्ड म्हणजे देखभाल-वर्गणी, वर्षाची मालकांची सभा, तिचं इतिवृत्त. भिंतींच्या रंगापेक्षा गेल्या तीन वर्षांची ही इतिवृत्तं वाचावीत. छप्पर गळतंय का, लिफ्टची तक्रार किती जुनी, तेलाचं हीटिंग बदलायचं ठरलंय का, राखीव निधी किती आहे. निधी अपुरा असेल तर सगळ्यांवर खास वर्गणी बसते आणि एका सभेत दहा-पंधरा हजार युरोंचा आकडा समोर येऊ शकतो. १९७० च्या आसपासच्या इमारतींत हे फार. भाडेकरूला या सभेला जावं लागत नाही, आणि तो खर्च थेट त्याच्या दारातही येत नाही.

*

केरवोखे. जिना झाडण्याची पाळी. या प्रांतातली जुनी रीत: आठवडाभर दारावर पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना, पुढचा रस्ता आणि बर्फ आपल्याकडे. मालक असो की भाडेकरू, पाटी दोघांच्याही दारावर तितकीच लटकते.

*

१९२७ मध्ये स्टुटगार्टच्या वायसेनहोफ टेकडीवर घराचं प्रदर्शन भरलं. मीस व्हान डर रोहे याच्या देखरेखीखाली १७ वास्तुकारांनी ३३ घरं बांधली. ल कोर्बुझिए त्यांतलाच एक. त्याची इथली दोन घरं २०१६ पासून जागतिक वारसा आहेत. आपण त्याला चंदीगडमुळे ओळखतो. वाचलेल्या मूळ घरांत आजही साधे भाडेकरू राहतात, बाल्कनीत कपडे वाळत असतात. मोकळी हवा, ऊन, कमी जागेत नेटका संसार, असा विचार त्या टेकडीवर झाला. मालकीचा प्रश्न तिथे कुणाला पहिला वाटला नाही.

*

याच प्रांताने घर घेण्याचं वेडही जपलंय, तेही खरं. हाइलब्रॉनजवळच्या व्युस्टेनरोट गावात १९२१ मध्ये गेओर्ग क्रोप याने लोकांना एकत्र करून बचत करायला लावली: सगळ्यांनी दरमहा थोडं भरायचं आणि जमलेल्या पैशातून पाळीपाळीने घरासाठी कर्ज घ्यायचं. जर्मनीच्या बाऊश्पारकासे, म्हणजे घरबचत संस्था, अशा वाढल्या. आपल्या भिशीची ओळख असलेल्याला ती कल्पना समजवावी लागत नाही. आजही श्वाबी, म्हणजे इथले, आजोबा नातवाच्या नावाने असं खातं उघडतात. घाई नाही, वीस वर्षं साठवायचं, मग घ्यायचं, आणि एकदा घेतलं की मरेपर्यंत विकायचं नाही. माझ्या हिशेबातून जे निघालं तेच.

*

या भागात एक धोका वेगळा आहे. सिंडेलफिंगेन आणि उंटरट्युर्कहाइममध्ये मर्सिडीज, त्सुफेनहाउसेनमध्ये पोर्शे, फॉयरबाखमध्ये बॉश. आपली बहुतेक माणसं या कंपन्यांत किंवा त्यांना माल पुरवणाऱ्यांत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने वाहनविभागातली आणखी सुमारे १३ हजार पदं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, बहुतेक जर्मनीतली. नोकरी ज्या धंद्यावर, त्याच धंद्यावर गावातल्या घरांच्या किमती. एक डगमगला की दुसराही डगमगणार, आणि विकायची वेळ नेमकी तेव्हाच येणार. भाडेकरू तीन महिन्यांत म्युनिकला किंवा परत पिंपरीला जाऊ शकतो. हा मुद्दा मला आमच्या लोकांच्या बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, आणि तो सगळ्यांत आधी यायला हवा.

*

बाबा म्हणाले, "पुण्याचा फ्लॅट विकून टाक, तिकडे घाल." अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, कर भरून, सनदी लेखापालाचा दाखला लावून. आईबाबांना स्वतःचे पैसे पाठवायचे तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के आगाऊ कर कापला जातो, तो पुढे विवरणपत्रात परत मागायचा.

वाट आहे. पण आईवडिलांच्या म्हातारपणाची पुंजी इथल्या खरेदीकरात आणि दलालीत घालायला माझं मन होत नाही. त्यांचं आजारपण पुण्यात होणार, रुपयांत होणार. जर्मनीत आईवडिलांना कायम आणणं अवघड आहे. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी ती वाट थोडी उघडली, आधी आलेल्यांना तिचा उपयोग नाही. ते येणार व्हिसावर, नव्वद दिवस. तेवढ्यासाठी एक जादा खोली हवी, मालकीची असो नसो.

*

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, सक्तीची बचत ही काही लहान गोष्ट नाही. हप्ता असला की माणूस भरतो, नसला की पैसे सुट्ट्यांत जातात. त्याचं बरोबर आहे, आणि माझ्या सगळ्या हिशेबातला कच्चा दुवा तोच आहे. भाड्याने राहणं तेव्हाच परवडतं, जेव्हा हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला पडतो. म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ५०० युरो आपोआप वेगळ्या खात्यात जातात, त्याला हात लावायचा नाही असं दोघांनी ठरवलं.

*

मुलगी आता पहिलीत. इथे चौथीनंतर मुलांच्या शाळा बदलतात, तेव्हा मित्रमैत्रिणी विखुरतात आणि घर बदललेलं मुलांना कमी लागतं. तोवर आम्ही भाड्यानेच राहणार. तोवर पासपोर्टचंही ठरेल. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय, भारत करत नाही, त्यामुळे जर्मन घ्यायचा तर भारतीय सोडावाच लागेल. तो सोडायची माझी तयारी झाली तर समजायचं की वीस वर्षं इथे काढायची आहेत, आणि मग घरं बघायला निघायचं: हेरेनबर्गच्या एस-बानवर, स्टेशनपासून चालत, पहिल्या मजल्याच्या वर नाही, राखीव निधी भरलेला, दोन्ही नावं. दलालाला कधी बोलवायचं यावर नवरा अजून अडून बसलाय. त्याला वाटतं तिसरीत, मला वाटतं चौथी सुरू झाल्यावर.